चाकातलं बेअरिंग कसं निवडावं?

जुन्या लाकडी बंडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. बाजाराला निघायच्या आधी घरधनी चाकात वंगण घाली आणि मग बैल जुंपी. वंगण घालायचं राहिलं, तर चाक वाटभर कुरकुरे. बैल दमत. आस झिजे. कारण उघड आहे. चाकाचा तुंबा आसावर घासत फिरे.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ घरी फटफटी आली आहे. तिच्या चाकाला कोणी रोज वंगण घालत नाही. तरी चाक कुरकुरत नाही, तापत नाही. असं का? तर चाक आणि आस यांच्या मध्ये बेअरिंग असतं म्हणून. गावात त्याला बेरिंग असंही म्हणतात.

बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या. एक मोठी, एक लहान. लहान कडी मोठीच्या आत. दोन्हींच्या मध्ये पोलादाचे गोल छर्रे. सायकलच्या चाकात असतात तसलेच. छर्रे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना पत्र्याच्या चौकटीत बसवलेलं असतं. आतली कडी आसावर बसते, बाहेरची कडी चाकाच्या हबमध्ये बसते. चाक फिरलं की छर्रे मधल्या मध्ये घरंगळतात. सरकीचं भरलेलं पोतं जमिनीवरून ओढून पाहा. मग त्याच्याखाली चार गोल लाकडं ठेवा आणि ढकला. जो फरक तुमच्या हाताला कळेल, तोच फरक जुन्या बंडीत आणि फटफटीत आहे.

या बेअरिंगचं आणि कापसाचं एक जुनं नातं आहे. स्वीडन नावाच्या थंड देशात गोथेनबर्ग हे शहर आहे. तिथं एक कापडगिरणी होती. ती चिकण मातीच्या जमिनीवर बांधलेली होती. माती दबे, इमारत हले आणि यंत्रं फिरवणारे लांब दांडे वाकडे होत. दांडे वाकडे झाले की बेअरिंग तुटत आणि गिरणी बंद पडे. आपल्या काळ्या मातीवर बांधलेल्या घराची भिंत कशी तडकते, ते तुम्हाला सांगायला नको. त्या गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचे इंजिनिअर होते. दांडा थोडा तिरपा झाला तरी चालेल असं बेअरिंग त्यांनी १९०७ साली शोधून काढलं. त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी निघाली. तिचा कारखाना आपल्या महाराष्ट्रातही आहे, पुण्याजवळ चिंचवडला. जयपूरला एनबीसीचं बेअरिंग होतं, बडोद्याला एफएजीचं होतं. म्हणजे चांगला माल दूरदेशाहून मागवावा लागत नाही. ही नावं आम्ही जाहिरातीसाठी घेत नाही. खोक्यावर वाचायला सापडतील म्हणून सांगितली.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा कडीची एवढी कथा कशाला? तर हिशेब करून पाहू. फटफटीचं चाक एक किलोमीटर जाताना साधारण सव्वापाचशे वेळा फिरतं. शंभर किलोमीटरला ५२ हजार फेरे झाले. त्या प्रत्येक फेऱ्यात सगळं ओझं त्या छर्‍यांवर. आणि ओझं तरी किती! पुढं टाकीवर लहान पोर, मग घरधनी, मागं बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर, आणि बाजूला पिशवी. छर्‍यांच्या बेअरिंगचा एक नियम आहे. त्याच्यावरचं ओझं दुप्पट झालं, तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही. ते आठवा भाग उरतं. आठ वर्षं चालायचं ते एका वर्षात जातं. म्हणून एकट्या मास्तरची गाडी वर्षानुवर्षं चालते आणि खताची पोती वाहणाऱ्याची गाडी सारखी मिस्त्रीकडे असते. यात मास्तरचं नशीब काही नाही.

बेअरिंग फुटलं तर चाक डुगडुगतं. छर्रे निखळले, तर धावतं चाक एकदम अडकूही शकतं. गाडी पांढरकवड्याजवळच्या मोठ्या हमरस्त्यावर असेल आणि मागून मालट्रक येत असेल, तर पुढं काय होईल ते लिहायची गरज नाही.

सुदैवानं बेअरिंग न सांगता जात नाही. आधी ते आवाज करतं. जात्यासारखी घरघर येते आणि वेग वाढला की घरघरही वाढते. पुष्कळ लोक इथंच चुकतात. त्यांना वाटतं, आवाज इंजिनाचा आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन बंद करून गाडी हातानं ढकलून पाहा. घरघर तरीही आली, तर ती चाकातली असण्याचा संभव मोठा.

दुसरी परीक्षा घरच्या अंगणात होते. गाडी मेन स्टँडवर उभी करा. चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. आता दोन्ही हातांनी चाक धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. खटखट लागली, चाक हाताला हललं, तर बेअरिंग झिजलं आहे किंवा त्याचं घर ढिलं झालं आहे. मग चाक हळू फिरवा. आत वाळू असल्यासारखं हाताला जाणवलं, तरीही तेच. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं द्या. घरातली बाई, मोठी मुलगी, कोणीही हे करू शकतं.

आपल्याकडे बेअरिंग लवकर जातं ते पाण्यानं आणि चिखलानं. पावसाळ्यात नाला पायाखाली असतो. चाक अर्धं बुडतं आणि पाणी आत शिरतं. वंगण धुऊन निघतं, पोलादाला गंज चढतो. वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यावर धूळ उडते, तीही आत जाते. दुसरं एक कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. धुलाई केंद्रावर गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा थेट हबवर मारतात. गाडी चकचकीत दिसते आणि बेअरिंगमध्ये पाणी जातं. फवारा टायरवर मारा म्हणावं. हब ओल्या फडक्यानं पुसला तरी पुरे.

आता दुकानात जाऊ. इथं तुमचं वाचणं कामी येतं.

जुनं बेअरिंग पुसून स्वच्छ करा. त्याच्या कडीवर बारीक अंक कोरलेले असतात. ते इंग्रजी अंक असतात, मोबाईलवर दिसतात तसे. समजा, ६२०२ असं लिहिलं आहे. पहिला ६ म्हणजे हे छर्‍यांचं साधं बेअरिंग. दुसरा अंक त्याची जात सांगतो, हलकं की भारी. शेवटचे दोन अंक मधल्या भोकाचं माप सांगतात. ०० असेल तर भोक १० मिलिमीटर, ०१ असेल तर १२, ०२ असेल तर १५, ०३ असेल तर १७. ०४ पासून सोपं आहे. पाचनं गुणायचं. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५.

६२०२ आणि ६३०२ या दोन्हींचं भोक १५ मिलिमीटरच आहे. पण ६२०२ बाहेरून ३५ मिलिमीटर असतं आणि ६३०२ बाहेरून ४२. एका अंकाचा फरक पडला तर बेअरिंग हबात बसणारच नाही. म्हणून "अमक्या गाडीचं बेरिंग द्या" एवढंच म्हणू नका. पुढच्या चाकाचं वेगळं, मागच्याचं वेगळं असू शकतं. नंबर कागदावर उतरवून न्या, आणि जुनं बेअरिंगही खिशात ठेवा.

अंकांच्या पुढं अक्षरं असतात. तीही उतरवा. दोन झेड असतील तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण आहे. टू आर एस असं असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं झाकण आहे. काहीच नसेल तर ते उघडं आहे. पत्र्याचं झाकण धूळ अडवतं, पण पाणी पुरतं अडवत नाही. रबराचं झाकण पाणीही बरंच अडवतं. जिथं झाकणाचं बेअरिंग होतं तिथं उघडं कधी बसवू नका. दोन्ही मिळत असतील, तर आमच्या मते आपल्या काळ्या चिखलाला रबरी झाकणाचंच घ्यावं. कधी सी थ्री असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, आत जागा किंचित जास्त ठेवली आहे. असं बेअरिंग हातात घेतलं तर जरा सैल वाटतं. ते खराब नसतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. जुन्यावर सी थ्री असेल तर नवंही तेच मागा.

माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. एकाच मापाची दोन बेअरिंग, एक चांगलं, दुसरं टाकाऊ, शेजारी शेजारी ठेवली तर सारखीच दिसतात. फरक पोटात असतो. चांगल्या बेअरिंगचं पोलाद क्रोमियम घातलेलं आणि तापवून कडक केलेलं असतं. त्यातले सगळे छर्रे एका मापाचे असतात. किती एका मापाचे? आपल्या डोक्याचा केस घ्या. त्याच्या जाडीच्या कितीतरी लहान भागाचाही फरक त्यांत चालत नाही. एक छर्रा जरी थोडा मोठा निघाला, तरी सगळं ओझं त्या एकट्यावर येतं. चार जणांनी तिरडी उचलावी आणि त्यातला एक उंच असावा, तसं होतं. आधी तो छर्रा जातो, मग कडी जाते.

बाजारात नकली माल येतो, हे खरं आहे. नामांकित कंपनीचं नाव छापून भलताच माल विकतात. जुनी बेअरिंग धुऊन, घासून, नव्या खोक्यात भरूनही विकतात. काही गोष्टी डोळ्यांनी पाहता येतात. खोक्यावरचा नंबर आणि कडीवरचा नंबर एकच आहे का? अक्षरं स्पष्ट आहेत का, की पुसट, वेडीवाकडी? कंपनीच्या नावात एखादं अक्षर बदललं आहे का? खोक्यावर किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला असलाच पाहिजे. कड्यांवर घासल्याच्या रेघा किंवा गंजाचे डाग नकोत. पण एक सांगून ठेवतो. आजची नक्कल इतकी हुबेहूब असते की नुसत्या डोळ्यांनी ती जाणत्यालाही ओळखता येत नाही. म्हणून खरी राखण दुकानाची. गाडीच्या कंपनीचं शोरूम किंवा बेअरिंग कंपनीचा नेमलेला विक्रेता, इथूनच घ्या. अस्सल आणि फसव्या मालाच्या किमतीत जो फरक असतो, तो बहुधा एका दिवसाच्या मजुरीइतकाही नसतो.

आणि पक्कं बिल घ्या. बिलावर कंपनीचं नाव आणि बेअरिंगचा नंबर लिहून मागा. दुकानदार म्हणेल, "एवढ्याशा वस्तूला बिल कशाला भाऊ?" तरी मागा. माल फसवा निघाला आणि दुकानदार ऐकेना, तर १९१५ या नंबरावर ग्राहकांची तक्रार घेतात. त्यानंही भागलं नाही तर यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. पण बिल नसेल तर तुमचं म्हणणं सिद्ध करणं अवघड जातं.

चांगलं बेअरिंग आणलं आणि वाईट रीतीनं ठोकलं, तर पैसे पाण्यात गेले. मिस्त्रीच्या जवळ उभे राहा. नवं बेअरिंग बसवेपर्यंत खोक्यातून काढू नये. आधी हब आतून स्वच्छ पुसावा. हबात बसवताना दाब बाहेरच्या कडीवरच द्यावा, सगळीकडून सारखा. आतल्या कडीवर हातोडा मारला, तर तो मार छर्‍यांमधून जातो. कडीला बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरू लागतं. मग दोष कंपनीला! दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. ती परत बसलीच पाहिजे. ती राहिली आणि आसाचा नट आवळला, तर दोन्ही बेअरिंग दाबली जातात. चाकातली दोन्ही बेअरिंग एकदमच बदलावी आणि ऑईल सीलही नवं घालावं. हबाचं घर ढिलं झालं असेल, तर काही जण आत पंचानं टोचे मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून बेअरिंग घट्ट करतात. ते चार दिवस टिकतं. असा हब खरादवाल्याकडे नीट करून घ्यावा, नाहीतर बदलावा.

टायरच्या बंडीतही बेअरिंग असतं. ते पुष्कळदा उघडं असतं, म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ते उघडून, धुऊन नवं ग्रीस भरावं. इंजिनाचं जळकं तेल घालू नये. ग्रीसही ठासून भरू नये, नाहीतर ते तापतं. झाकणबंद बेअरिंग मात्र कधी उघडू नये. त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेलं असतं.

चारचाकी गाडीची गोष्ट थोडी निराळी. तिचं वळणावर ऐकावं. डावीकडे वळताना घरघर वाढली तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं. नव्या गाड्यांत बेअरिंगला चुंबकाची कडी असते. ब्रेकची यंत्रणा तिच्यावरून चाकाचा वेग ओळखते. ते उलटं बसलं तर ब्रेकचा दिवा पेटतो. ते काम दाबयंत्र असलेल्या गॅरेजातच करावं, रस्त्यावरच्या हातोड्यानं नव्हे.

बसवून झालं की शंभरेक किलोमीटर चालवा आणि चाक पुन्हा हलवून पाहा. हबावर हात ठेवा. ब्रेक फार न दाबताही तो चटका बसेल इतका तापला, तर गाडी परत मिस्त्रीकडे न्या.

जुनं बेअरिंग दुकानात सोडून येऊ नका, घरी आणा. पोरं त्याची फळीला चाकं करून गाडी बनवतात आणि उतारावरून सोडतात. ते ठीक आहे. पण ते हातोड्यानं फोडायला पोरांना देऊ नका. हे पोलाद काचेसारखं फुटतं आणि कपरी थेट डोळ्यात जाते.