जुन्या पडद्यावरचे खेळ

मनुष्याला खेळाची आवड उपजतच असते. साधने बदलतात, परंतु चार सवंगड्यांनी एकत्र जमून डाव मांडण्याचा आनंद बदलत नाही. सारीपाटावर सोंगट्या हलल्या, पत्त्यांचे डाव रंगले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेळाने दूरचित्रवाणीच्या पडद्यावरही आपले अंगण शोधले. या खेळांना ‘व्हिडिओ गेम’ म्हणतात. आज काही हौशी घरांत माळ्यावरची जुनी खेळयंत्रे खाली उतरतात, आणि सुट्टीतील एखादी सायंकाळ मित्रमंडळींच्या संगतीत त्यांच्यापुढे रंगते.

या खेळांच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक प्रयोगशाळेत जन्मास आला. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. पाहुण्यांना नुसती स्तब्ध उपकरणे पाहून कंटाळा येऊ नये, म्हणून त्यांनी १९५८ साली विद्युत्-लहरी दाखविणाऱ्या एका उपकरणाच्या लहानशा वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ रचला. जाळीवरून इकडून तिकडे उडणारा प्रकाशाचा एक ठिपका, एवढेच त्याचे रूप! तरीही तो खेळण्यासाठी लोकांची रांग लागली. पुढे राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून १९७२ साली ‘ओडिसी’ हे घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचे पहिले खेळयंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता. मैदानाचे चित्र हवे असल्यास पारदर्शक रंगीत पापुद्रा पडद्याच्या काचेवर लावावा लागे. १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे यंत्र काढले. याच यंत्राच्या नकला भारतातही आल्या. १९९० नंतरच्या दशकात मराठी मुले त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि खेळ साठविलेल्या डबीला ‘कॅसेट’ म्हणत.

या यंत्रांची स्मरणशक्ती फार थोडी होती. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइट जागेत मावला. आजच्या मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. साहजिकच रचनाकारांना काटकसर करावी लागली. त्या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे लक्षपूर्वक पाहिली, तर दोन्हींचा आकार एकच असल्याचे दिसते. चित्र तेच, रंग मात्र एकदा पांढरा, एकदा हिरवा! थोडक्या साधनांत मोठे काम साधणे हेच या रचनाकारांचे कौशल्य होय.

बदके टिपण्याच्या खेळातील बंदुकीची गंमत आणखी निराळी आहे. या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट पडद्यावरचा प्रकाश तिच्या नळीत शिरतो. घोडा दाबताच क्षणभर सारा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो. हे सारे इतक्या झटपट घडते, की खेळणाऱ्याला केवळ एक लकाकी जाणवते. नळीतील प्रकाशग्राहकाला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला असे यंत्र मानते. प्रथम काळोख कशासाठी? कोणी चलाखीने बंदूक दिव्याकडे रोखली, तर तिला सतत उजेडच दिसेल आणि लबाडी उघडी पडेल, यासाठी!

हीच बंदूक आजच्या सपाट पडद्यासमोर मात्र निरुपयोगी ठरते. जुन्या दूरचित्रवाणीत इलेक्ट्रॉनांचा झोत आलेला संदेश तत्काळ काचेवर रेखाटीत असे. नवा पडदा चित्रावर आधी काही संस्कार करतो आणि मग ते दाखवितो. हा विलंब सेकंदाच्या लहानशा अंशाइतका असला, तरी ठरलेल्या क्षणी पांढरा चौकोन दिसला नाही, की नेम चुकल्याची नोंद होते. म्हणून या खेळासाठी जुना, फुगीर काचेचा संचच लागतो. तो फार जड असतो आणि बंद केल्यावरही त्याच्या पोटात विजेचा तीव्र दाब शिल्लक राहू शकतो. त्याची मागील बाजू मुलांनी कधीही उघडू नये.

कॅसेट चालली नाही, की तिच्यात फुंकर मारण्याची मुलांची जुनी सवय होती. खरे पाहता फुंकरीबरोबर जाणारा ओलावा धातूच्या पट्ट्या गंजवितो. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने पट्ट्यांचा स्पर्श नीट जुळतो व खेळ सुरू होतो. श्रेय मात्र फुंकरीला मिळते!

अशा सायंकाळी यंत्र एक, हातात धरावयाच्या कळपेट्या दोन आणि खेळणारी मुले सहासात असतात. त्यामुळे पाळी ठरवावीच लागते. ‘जीव गेला, की कळपेटी पुढच्याच्या हाती’ हा सर्वांत सोपा नियम. जुने खेळ कठीण असल्याने पाळी लवकर बदलते आणि कोणी फार वेळ ताटकळत नाही. बसलेली मुले धोक्याच्या सूचना देतात, हरलेल्याची थट्टा करतात, जिंकलेल्याला शाबासकी देतात. तेवढ्यात एखाद्याचे वडील खोलीत डोकावतात आणि बालपणी सापडलेली गुप्त वाट सहज दाखवून देतात. मग मुलांच्या रांगेत त्यांचाही क्रमांक लागतो.

हा ठेवा मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे २०२३ साली तेथील एका अभ्यासात आढळून आले. यंत्रे मोडीत जातात, पडदे भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर ते खेळही लोपतात. पुस्तक वाचल्याने जिवंत राहते, तसा खेळ खेळल्याने जिवंत राहतो. माळ्यावरची धूळ झटकून चार मित्रांनी मांडलेला एक डाव हेही त्याच्या जतनाचेच काम होय.