वारा नेतो, पण जमीन देते तेव्हाच

आम्ही कवी मंडळी वाऱ्याला फार मोठेपण देतो. त्यानं वाळूचे डोंगर हलवले, असं लिहून मोकळे होतो. पण उन्हाळ्यात मोखाड्याच्या माळावर उभं राहिलं की वेगळंच दिसतं. नागली-वरई निघून गेलेल्या उघड्या वरकस जमिनीवरून धूळ उठत असते. बांधापलीकडे वाळकं गवत उभं असतं, तिथून मात्र काही उडत नाही. वारा तोच. मग फरक कशाचा? जमिनीच्या पाठीचा.

राल्फ बॅगनॉल्ड या इंग्रज लष्करी अभियंत्यानं वाळवंटात हिंडून आणि प्रयोगशाळेत वारा खेळवून याचा अभ्यास केला. १९४१ साली त्याचा ग्रंथ आला. वाळूचा कण पाखरासारखा उडत नाही, टोळासारख्या उड्या मारतो. पडताना दुसऱ्या कणांना धक्का देतो, मग तेही उसळतात. म्हणून बहुतेक वाळू आपल्या गुडघ्याखालूनच पुढे सरकते.

आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या केळव्याच्या किनाऱ्यावर जा. भरतीनं भिजलेली वाळू जागची हलत नाही, कारण कणाकणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं. वरची कोरडी वाळू मात्र घोट्यांना टोचत धावते आणि सुरूच्या बनाशी येऊन थबकते.

लडाखमध्ये नुब्रा खोऱ्यात हुंडर इथं तर थंड प्रदेशातल्या वाळूच्या टेकड्या आहेत. अशा ठिकाणी हिवाळ्यात ओल गोठली की बर्फ कणांना सिमेंटसारखा सांधतो. वर हिम पडलं तर चादरच पांघरली जाते. पण हवा फार कोरडी असली, तर बर्फ न वितळताच वाफ होऊन जातो. वरचे कण सुटे होतात आणि वारा तेवढेच उचलतो. खालची गोठलेली वाळू तशीच राहते.

मोखाड्यात ना वाळूच्या टेकड्या, ना हिम. तरी नियम तोच. इथं वाऱ्यापेक्षा मोठा चोर पाऊस. जूनची पहिली सर उघड्या उतारावर आदळते, थेंब मातीचा कण उडवतो आणि ओहोळ तो वैतरणेकडे घेऊन जातो. उतारावर माती किती? कुठं कुठं वीतभरसुद्धा नाही, खाली कातळ. ती गेली की नागली गेली, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी माणसं आणखी लवकर घर सोडणार.

जमीन झाकून ठेवा, असं सांगणं सोपं आहे. राबाला पाला लागतो, गुरांना गवत लागतं. पण नागलीची धसकटं उपटली नाहीत, बांधावर गवताचा एक पट्टा राखला, तरी कणाच्या वाटेत अडसर उभा राहतो. वाऱ्यापावसाला हुकूम करता येत नाही. जमिनीच्या पाठीवर काय राहू द्यायचं, एवढं मात्र थोडंफार आपल्या हातात आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)