आधी अध्यासन, मग पैसा

प्राथमिक आरोग्यसेवेचा गाजलेला जाहीरनामा 1978 मध्ये स्वीकारला गेला तो सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता शहरात. पण घरातल्या लहानथोरांना एकच डॉक्टर पाहतो, अशी वैद्यकशाखाच त्या देशात नव्हती. निकोलाय सेमाश्को यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत मोठ्या माणसांचा डॉक्टर वेगळा, मुलांचा वेगळा, बायकांचा वेगळा. पॉलिक्लिनिकमधल्या वस्तीच्या डॉक्टरने रक्तदाब मोजायचा, आजारपणाच्या रजेचा दाखला लिहायचा आणि दुखणं जरा अवघड वाटलं की तज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी द्यायची. त्याच्या कामाला विद्यापीठात ना प्राध्यापक होता, ना संशोधन. हुशार विद्यार्थ्याने या वाटेला जावं तरी कशासाठी?

युगोस्लाव्हियाची गोष्ट निराळी होती. आंद्रिया श्ताम्पार यांच्या प्रयत्नांतून झाग्रेबला 1927 मध्ये सार्वजनिक आरोग्याची संस्था उभी राहिली आणि 1960च्या सुमारास तिथे जनरल प्रॅक्टिसचं रीतसर विशेष प्रशिक्षणही सुरू झालं. ही पूर्वपुण्याई पुढे क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाच्या कामी आली. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात 1995 मध्ये फॅमिली मेडिसिनचा विभाग निघाला, इगोर श्वाब त्याचे प्रमुख झाले. त्याच देशातल्या ब्लेडच्या तळ्याकाठी दरवर्षी भरणाऱ्या अभ्यासवर्गात युरोपभरचे शिक्षक शिकवायचं कसं हे शिकू लागले.

एस्टोनियाला मात्र सगळं मुळापासून उभारायचं होतं. 1991 मध्ये देश सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी तार्तू विद्यापीठाने कामावर असलेल्या डॉक्टरांना फॅमिली मेडिसिन शिकवायला घेतलं. 1992 मध्ये विषयाचं अध्यासन निर्माण झालं. पण नव्या विषयाचा तयार प्राध्यापक आणायचा कुठून? ती जबाबदारी घेतली हेइदी-इंग्रिड मारोस यांनी. त्या मूळच्या पोटाच्या विकारांच्या अभ्यासक. जठरदाह आणि अल्सरवर त्यांचं वर्षानुवर्षांचं संशोधन होतं. प्रतिष्ठेचा विषय हाताशी असताना, ज्याला अजून कोणी विषय मानत नव्हतं त्याचं ओझं त्यांनी उचललं, याचं मला फार मोल वाटतं.

1993 मध्ये या शाखेला स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला. नव्या पदवीधरांसाठी तीन वर्षांचं निवासी प्रशिक्षण आलं. जुन्या वस्ती-डॉक्टरांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी नोकरी सांभाळून पुन्हा अभ्यास केला. ज्यांनी उमेदीची वर्षं फक्त मुलं तपासली, त्यांना आता म्हाताऱ्यांचं हृदय आणि गरोदर बाईची तपासणी शिकायची होती. ज्यांनी मोठ्यांनाच औषधं दिली, त्यांना तान्ह्या बाळाचा ताप. चाळिशी-पन्नाशीत पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणजे खायचं काम नाही. मदतीला शेजारचे नॉर्डिक देश होते. मार्गुस लेंबर यांनी तर एस्टोनियातल्या या बदलावरच फिनलंडच्या ताम्पेरे विद्यापीठात 1998 मध्ये प्रबंध सादर केला. ज्या विषयाला काल घर नव्हतं, त्याची स्वतःची उभारणीच संशोधनाचा विषय झाली होती.

पैशाची व्यवस्था यानंतर आली. 1997-98 मध्ये प्रत्येक डॉक्टरची रुग्णयादी ठरली आणि आरोग्य विमा निधी यादीतल्या माणसांच्या संख्येनुसार मोबदला देऊ लागला. हा क्रमच मला कळीचा वाटतो. आधी शिक्षक, मग दर्जा, मग करार. यादी हाती येईस्तोवर ती सांभाळू शकणारे बरेच डॉक्टर तयार झाले होते.

याउलट, रशियाने 1992 मध्येच फॅमिली डॉक्टरकडे वळण्याचा सरकारी आदेश काढला होता. पॉलिक्लिनिकचा सांगाडा मात्र तसाच राहिला आणि बहुतेक ठिकाणी पूर्वीचा वस्ती-डॉक्टरच काम करत राहिला.

तार्तूचं अध्यासन पुढे रूथ काल्दा यांच्याकडे आलं. मारोस यांच्या काळात पुन्हा शिकलेली पिढी आता निवृत्त होते आहे आणि खेड्यापाड्यांतल्या रुग्णयाद्या घ्यायला तरुण डॉक्टर सहजी मिळत नाहीत. पदव्युत्तर जागा आणि विभाग असूनही हा पेच सुटलेला नाही.