पेनड्राइव्ह लिहून घेईनासा होतो तेव्हा

आपल्या हजीऱ्यात तानसेनाची समाधी आहे. दर वर्षी, बहुधा डिसेंबरात, तेथे संगीतसमारोह भरतो आणि दूरदूरचे गायक-वादक त्या स्थानी आपली सेवा रुजू करतात. परंतु ज्याच्या नावाने हा सोहळा होतो, त्या तानसेनाचा स्वर कसा होता हे आज कोणीही सांगू शकणार नाही. ध्वनी साठवून पुन्हा ऐकविणारे यंत्र, म्हणजे एडिसनचा फोनोग्राफ, १८७७ साली अस्तित्वात आले. तोपर्यंत गाणे जपले जाई ते मुख्यतः गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात.

आज आजीच्या ओव्या, आजोबांचे गायन, लग्नाची छायाचित्रे असा सारा ठेवा अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये मावतो. मात्र एखाद्या दिवशी हाच पेनड्राइव्ह नवे काही लिहून घेईनासा होतो. आतील मजकूर वाचता येतो, पण भर घालता येत नाही आणि काही पुसताही येत नाही. ‘डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे’ एवढेच संगणक सांगतो. अशा वेळी काय करावे, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, लिहिण्यास बंदी ही मुळात दोष नसून संरक्षण आहे. वडीलधाऱ्यांस स्मरत असेल, कॅसेटच्या कडेची छोटी पाती मोडली की तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होत नसे. त्यामुळे चुकून कोणी जुने गाणे पुसून टाकण्याची भीती उरत नसे. पेनड्राइव्हची बंदी कधी अशीच कोणी मुद्दाम घातलेली असते, तर कधी ती आजाराचे लक्षण असते.

हा आजार कोणता? पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीत असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विद्युत्कण कोंडून माहिती नोंदविली जाते. ते आत घालताना व बाहेर काढताना अतिशय पातळ अशा विद्युत्‌रोधक थरातून न्यावे लागतात आणि दर खेपेस तो थर किंचित झिजतो. पाटी पुन्हा पुन्हा घासून पुसली म्हणजे तिचा पृष्ठभाग जसा खराब होतो, तसेच हे होय. वाचल्याने मात्र ही झीज जवळजवळ होत नाही. आतील नियंत्रक झिजलेल्या कप्प्यांऐवजी राखीव कप्पे वापरतो. तेही संपले की काही पेनड्राइव्ह लिहिणे कायमचे बंद करतात. हेतू हा की, जे लिहिले आहे ते निदान वाचता यावे.

यावरून पहिला नियम निघतो: दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आतील सर्व फाइलींची नक्कल संगणकावर उतरवून घ्यावी व ती उघडते की नाही हे पाहावे. त्यानंतर पुढील क्रमाने जावे.

१. काही पेनड्राइव्हच्या कडेस आणि मोठ्या मेमरी कार्डांच्या बाजूस एक बारीक सरकती कळ असते. ती बंदीच्या बाजूस गेली असल्यास परत सरकवावी.

२. पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकास जोडून पाहावा. तेथे लिहिता आले तर दोष पहिल्या संगणकाच्या मांडणीत आहे. शाळा-कचेऱ्यांत अशी बंदी हेतुपुरस्सर घातलेली असू शकते; ती परस्पर न मोडता संबंधितांस विचारावे. तसेच विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने मांडलेला पेनड्राइव्ह मॅक संगणकावर सामान्यतः केवळ वाचता येतो. तो बिघाड नव्हे.

३. लिहिणे चालू असतानाच पेनड्राइव्ह उपसून काढल्यास त्यातील फाइलींच्या नोंदवहीत गोंधळ होतो. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘टूल्स’ या भागात तपासणीची सोय आहे, ती वापरावी.

४. तरीही बंदी न उठल्यास ‘डिस्कपार्ट’ हा आज्ञा-कार्यक्रम प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा. ‘लिस्ट डिस्क’ या आज्ञेने यादी पाहावी, आकारमानावरून आपला पेनड्राइव्ह ओळखावा, ‘सिलेक्ट डिस्क’ व त्याचा क्रमांक देऊन तो निवडावा आणि मग ‘अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली’ ही आज्ञा द्यावी. क्रमांक चुकला तर भलत्याच डिस्कवर परिणाम होईल. म्हणून येथे घाई नको. ‘क्लीन’ ही आज्ञा तर देऊच नये. तिने डिस्कवरील सारी मांडणी नाहीशी होते. विद्यार्थ्यांनी हे काम जाणत्या माणसाच्या समक्षच करावे.

५. अखेरचा उपाय म्हणजे ‘फॉरमॅट’. त्याने आतील सर्व काही जाते. म्हणून नक्कल हाती असल्याशिवाय त्याच्या वाटेस जाऊ नये.

फॉरमॅटही नाकारला गेला, तर पेनड्राइव्हचे आयुष्य सरले असे बहुधा समजावे. बंदी हमखास उठविण्याचे आमिष दाखविणारे अनोळखी कार्यक्रम संगणकावर उतरवून घेऊ नयेत. झिजलेले कप्पे कोणत्याही आज्ञेने पूर्ववत होत नाहीत. शिवाय उपायाने बरा झालेला पेनड्राइव्हही पुढे महत्त्वाच्या कामी वापरू नये.

पेनड्राइव्ह हे ने-आण करण्याचे साधन आहे; ती तिजोरी नव्हे. जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या किमान दोन नकला दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात आणि वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. पेनड्राइव्ह नवा आणता येतो. आजीच्या आवाजातील ओवी दुसऱ्यांदा मिळत नाही. म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे की, येत्या सुट्टीत घरातील असा एक तरी पेनड्राइव्ह शोधावा व त्याची दुसरी नक्कल करून ठेवावी.