कोऱ्या जागेची परीक्षा

शहरांतील एखादी मोक्याची जागा नव्यानें बांधावयाची ठरली, आणि परीक्षकांपुढें आराखड्यांचा ढीग पडला, तर त्यांतून एक निवडावा कसा? देखण्या चित्राला भुलणें सोपें असतें. परंतु पाहावयाचें तें निराळेंच.

पॅरिसमधील बोबूर येथील जागेचें उदाहरण घ्या. १९३० नंतर तेथील रोगट ठरलेली वस्ती पाडण्यांत आली, आणि पुढें कित्येक वर्षें तेथें मोटारी उभ्या राहत. १९७१ मध्यें त्या जागीं ग्रंथालय व कलासंग्रहालय उभारण्यासाठीं जागतिक स्पर्धा झाली. ६८१ आराखडे आले. झाँ प्रुव्हे हे परीक्षकमंडळाचे अध्यक्ष होते. आराखड्यांवर कर्त्याचें नांव नव्हतें. त्यामुळें कीर्तीचें वजन पारड्यांत पडलें नाहीं. निवड झाली ती रेन्झो पियानो, रिचर्ड रॉजर्स व त्यांचे सहकारी यांच्या आराखड्याची. त्यांनीं जवळजवळ अर्धी जागा मोकळीच सोडली होती!

१९७७ मध्यें इमारत खुली झाली. तिच्या अंगावरचे रंगीत नळ पाहून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु समोरच्या उतरत्या चौकांत लोक निवांत बसूं लागले, रस्त्यावरचे कसरतपटू खेळ करूं लागले. तेथें बसावयास तिकीट लागत नव्हतें.

आपल्या गांवीं असा प्रसंग आल्यास आधीं इमारतीकडे पाहूं नका. चित्रांतील कोऱ्या भागावर बोट ठेवून विचारा : ही जागा कोणाची?