तंत्रज्ञानसाहाय्यित वाचोपचार

बोलण्यातील अडचणी कमी करण्यासाठी वाचोपचारतज्ज्ञ विद्युत उपकरणे, संगणक किंवा मोबाइलवरील ॲप यांची मदत घेतात, तेव्हा त्या उपचारास तंत्रज्ञानसाहाय्यित वाचोपचार असे म्हणतात. तोतरेपणा, सदोष उच्चार, पक्षाघातानंतरचा वाचाघात, कंपवातामुळे क्षीण झालेला आवाज आणि कर्करोगामुळे स्वरयंत्र काढावे लागलेल्या व्यक्तींचे बोलणे ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. येथे यंत्र दोन निरनिराळी कामे करते. एक तर ते बोलणाऱ्याला त्याचे स्वतःचे बोलणे ऐकवते वा दाखवते. किंवा ज्याचा आवाजच गेला आहे, त्याला दुसरा आवाज पुरवते. पहिल्या प्रकारात ते शिकण्याचे साधन असते, तर दुसऱ्यात ते अवयवाची जागा घेते.

तोतरेपणा आणि उशिरा ऐकू येणारा आवाज

मनुष्य बोलताना स्वतःचा आवाज सतत ऐकत असतो. इ.स. १९५० मध्ये बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने हा आवाज सेकंदाच्या काही अंशाने उशिरा कानावर पडेल अशी योजना केली, तेव्हा अस्खलित बोलणारेही अडखळू लागले. फोनवर आपलाच प्रतिध्वनी ऐकू आला की जीभ अडते, तो अनुभव याच जातीचा. तोतरे बोलणाऱ्या अनेकांवर मात्र या युक्तीचा उलट परिणाम होतो, असे पुढे आढळले. त्यांचे बोलणे संथ व सुरळीत होते.

याची कारणमीमांसा अजून वादाचा विषय आहे. एका सुरात पाढे किंवा आरती म्हणताना न अडखळणारे मूल वर्गात स्वतःचे नाव सांगताना अडखळते. समूहात बोलताना तोतरेपणा जवळजवळ नाहीसा होतो, ही गोष्ट या क्षेत्रात फार पूर्वीपासून सर्वमान्य आहे. उशिरा किंवा वेगळ्या पट्टीत ऐकू येणारा स्वतःचा आवाज जणू सोबत बोलणाऱ्या दुसऱ्या माणसाचे काम करतो, असे काही संशोधक मानतात. याच कल्पनेवर आधारलेले, श्रवणयंत्रासारखे कानात बसणारे ‘स्पीचईझी’ हे उपकरण २००१ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. आता हे काम मोबाइल आणि हेडफोनवरही होते.

या उपकरणांचा गुण सर्वांना सारखा येत नाही. मोठ्याने वाचताना दिसणारी सुधारणा गप्पांमध्ये कमी पडते आणि काहींच्या बाबतीत ती काळानुसार ओसरते. शिवाय एक मूलभूत अडचण आहे: ज्याच्या तोंडून शब्दाच्या आरंभी आवाजच फुटत नाही, त्याला यंत्र परत ऐकवणार तरी काय? म्हणून आवाज हळुवार सुरू करण्याचे आणि श्वास सांभाळण्याचे शिक्षण तज्ज्ञाकडून घ्यावेच लागते.

दृश्य प्रतिसाद

ध्वनीचे चित्र काढणारे यंत्र १९४० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाले. आज साधा संगणकही ते काम करतो. ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याला आपला उच्चार पडद्यावर पाहता येतो. टाळूवर बसणारी, विद्युत संवेदक असलेली पातळ पट्टी जीभ नेमकी कोठे टेकते ते दाखवते. ‘त’ आणि ‘ट’ यांमधील फरक केवळ ऐकून न उमगणाऱ्या मुलाला तो अशा चित्रावरून समजावता येतो.

कंपवाताच्या रुग्णाला आपण पुरेशा मोठ्याने बोलत आहोत असे वाटते, पण समोरच्याला ऐकू येत नाही. १९८७ मध्ये विकसित झालेल्या ली सिल्व्हरमन पद्धतीत आठवड्यातून ४ याप्रमाणे ४ आठवडे मोठ्या आवाजाचा सराव करून घेतात. आवाजाची पातळी दाखवणारा मापक येथे उपयोगी पडतो. समोर आकडा दिसला की रुग्णाचा अंदाज सुधारू लागतो.

कृत्रिम स्वरयंत्र

स्वरयंत्र काढल्यानंतर रुग्णाचा श्वास गळ्यावरील छिद्रातून चालतो. फुप्फुसातील हवा तोंडापर्यंत पोहोचत नाही. हातातील कंपन करणारे विद्युत स्वरयंत्र गळ्याच्या त्वचेला टेकवले की त्याचा नाद तोंडात शिरतो आणि जीभ व ओठ त्याचे शब्द बनवतात. परंतु यंत्राचा नाद अखंड असल्यामुळे अघोष व घोष वर्णांतील भेद पुसट होतो, ‘काळ’ आणि ‘गाळ’ सारखेच ऐकू येतात. महाप्राण वर्णांना लागणारा उच्छ्वासही नसतो, त्यामुळे ‘कण’ आणि ‘खण’ यांचा घोटाळा होतो. मराठीसारख्या भाषेत ही अडचण इंग्रजीपेक्षा अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. एकाच पट्टीतील नादामुळे ‘जेवलास’ हे विधान की प्रश्न, तेही कळत नाही. शेवटी ‘का’ जोडला तरच अर्थ स्पष्ट होतो. तोंडात कोंडलेली हवा वापरून व्यंजने ठसठशीत उच्चारणे आणि विरामाच्या वेळी कळ सोडणे हे तज्ज्ञ शिकवतात. १९८० मध्ये सिंगर व ब्लॉम यांनी मांडलेल्या पद्धतीत श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये लहान झडप बसवतात. त्यामुळे फुप्फुसातील हवा पुन्हा बोलण्यासाठी मिळते, मात्र झडप वेळोवेळी बदलावी लागते.

बोलणारी साधने

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मधील श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतर ते संगणकाच्या आवाजात बोलत. पुढे अधिक चांगले आवाज उपलब्ध झाले तरी त्यांनी तो जुना आवाज सोडला नाही, कारण लोक त्यांना त्याच आवाजाने ओळखत. चित्रांवर बोट ठेवताच वाक्य उच्चारणारी ॲप बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी वापरली जातात. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मराठीतही आहे.

भारतातील स्थिती

म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ मध्ये, तर मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाक् व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश असून, उदाहरणादाखल स्वरयंत्र काढणे आणि वाचाघात यांचा उल्लेख आहे. तोतरेपणाचे नाव त्या व्याख्येत नाही.