साखळीची सोयरीक

कला शाखेच्या वार्षिकांकात सायकलच्या दात्यांचा हिशेब कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याला उत्तर एवढेच, की आपल्या सायकल-स्टँडवर साध्या सायकलींच्या शेजारी आता गियरच्या सायकलीही उभ्या दिसतात, आणि त्यांतील पुष्कळशा जुन्या विकत घेतलेल्या असतात. अशा सायकलचा एखादा भाग मोडला की मालक दुकानात जातो. तेथे त्याला सांगण्यात येते, "त्या कंपनीचा नाही, ह्या कंपनीचा आहे. बसेल बहुतेक." हे 'बहुतेक' फार महाग पडू शकते. भाग बसतो, पण चालत नाही. मग त्याच्या जोडीचा दुसरा घ्यावा लागतो, मग तिसरा, आणि महिन्याच्या खाणावळीचे पैसे सायकलच्या मागच्या चाकात जातात. म्हणून कोणाची कोणाशी सोयरीक जमते आणि कोणाची पत्रिका मुळातच जुळत नाही, हे समजून घेतलेले बरे.

साध्या काळ्या सायकलीत हा प्रश्न फारसा नव्हताच. इंग्रजी रोडस्टरच्या मापांवर घडलेल्या आपल्याकडच्या सायकलींत एका कंपनीचे फ्रीव्हील, दुसरीची साखळी आणि तिसरीचा क्रँक सुखाने नांदतात. कोपऱ्यावरचा मिस्त्री डब्यातून जे हाताला लागेल ते काढतो आणि बसवतो. याचे मोठे श्रेय साखळीला आहे. १८८० साली मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने बुश आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली आणि पेडलची शक्ती साखळीने मागच्या चाकाला पोचवण्याची पद्धत रुळली. (लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले ते १८८८ साली, म्हणजे त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी!) आरंभी साखळीच्या कड्यांचे माप एक इंचाचेही असे, पुढे एका खिळीपासून दुसऱ्या खिळीपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी., हे माप स्थिर झाले. मेट्रिक मापांत वाढलेल्या इटलीने आणि जपाननेही हा इंग्रजी अर्धा इंच निमूटपणे स्वीकारला. साध्या सायकलीच्या साखळीची आतील रुंदी इंचाचा आठवा भाग असते, आणि मागे अनेक चक्रे असतील तर त्याहून थोडी कमी. एवढे पाळले की झाले.

गियरची सायकल म्हणजे मागे एकाच्या शेजारी एक अशी पाच-सहा किंवा त्याहून अधिक दातेरी चक्रे, आणि त्यांवरून साखळी इकडून तिकडे ढकलणारा एक लवचिक सांगाडा. त्याला 'डिरेलर' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'रुळावरून घसरवणारा' असा आहे. यंत्राला इतके प्रामाणिक नाव क्वचितच मिळत असेल. टूर द फ्रान्स या शर्यतीत १९३७ पर्यंत त्याला प्रवेशच नव्हता. पुढे तो सर्वत्र झाला, आणि सुमारे अर्धशतक त्याचा कारभार एका साध्या तरफेवर चालला. तरफ ओढली की केबल ताणली जाई, सांगाडा सरके आणि साखळी पुढच्या चक्रावर चढे. किती ओढायचे याला खूण नव्हती. साखळी खरखरली तर तरफ जराशी मागेपुढे करावी, आवाज थांबला की समजावे बसली. थोडक्यात, माप कानात होते.

यामुळे सरमिसळीला मोकळीक मिळाली. १९६०-७० च्या सुमारास इटलीच्या कँपान्योलोचा डिरेलर आणि त्याच देशातील रेजिना कंपनीचे फ्रीव्हील व साखळी ही जोडी शर्यतीच्या सायकलींवर नेहमीची होती. फ्रान्समध्ये सिंप्लेक्सचा डिरेलर आणि स्ट्राँगलाइटचा क्रँक एकत्र दिसत. चक्रांतील अंतर कमीजास्त असले तरी स्वाराचा हात ते सांभाळून घेई. मात्र ते सर्वसमन्वयाचे सुवर्णयुग होते असेही कोणी समजू नये. आट्यांच्या बाबतीत देशोदेशींचे हट्ट होतेच. इंग्रजी पद्धतीत क्रँकच्या उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा, तर इटालियन पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सरळ आणि माप निराळे. फ्रेंचांचे त्याहून तिसरेच. पण आट्यांचा विसंवाद निदान सरळ असतो. कप बसतो किंवा बसत नाही, 'बहुतेक' नाही.

खरा बदल झाला १९८४ साली. जपानच्या शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस या उंची संचात खटक्याची तरफ आणली. एक खटका म्हणजे एक चक्र. ऐकण्याची गरज उरली नाही. यातील गंमत अशी, की या संचाचा डिरेलर स्वतःच दोन घरांच्या कल्पनांची सरमिसळ होता. चक्रांच्या उताराला समांतर सरकणारा तिरका सांगाडा ही सनटूर या दुसऱ्या जपानी कंपनीची १९६४ सालची युक्ती. तिचे पेटंट १९८४ मध्येच संपले. वरच्या सांध्यातील स्प्रिंग ही सिंप्लेक्सच्या परंपरेतली. या दोन्ही उसन्या गोष्टी शिमानोने एकत्र केल्या, त्यांत तरफ, चक्रे, साखळी आणि केबलचे वेष्टणदेखील जोडले आणि ते सारे एक संच म्हणून विकले. सुटा भाग घ्यायचा तर त्याच घरचा, हा नियम तेथून रूढ झाला.

हा नियम केवळ व्यापारी डाव आहे का? पूर्णपणे नाही. त्याच्या मुळाशी एक साधा गुणाकार आहे, आणि या लेखातील एवढा भाग जरी वाचकाच्या लक्षात राहिला तरी पुरे. एका खटक्याला तरफ केबल किती मिलीमीटर ओढते, ही पहिली संख्या. केबल एक मिलीमीटर ओढली असता डिरेलर किती मिलीमीटर सरकतो, ही दुसरी. या दोहोंचा गुणाकार शेजारच्या दोन चक्रांमधील अंतराइतका आला पाहिजे. शिमानोची आठ चक्रांची जुनी व्यवस्था घेऊ. तरफ सुमारे २.८ मि.मी. केबल ओढते, डिरेलरचे प्रमाण सुमारे १.७ आहे. गुणाकार ४.७६, चक्रांतील अंतर ४.८. पत्रिका जुळली.

आता त्याच तरफेला अमेरिकेच्या स्रॅम कंपनीचा १९९५ नंतरचा, सुमारे १.१ प्रमाणाचा डिरेलर जोडा. २.८ गुणिले १.१ म्हणजे ३.०८. साखळी पुढच्या चक्रापर्यंत पोचतच नाही, मध्येच लोंबकळते. डिरेलर दिसायला तसाच आहे, बोल्टही त्याच भोकात बसतो, दुकानदाराचे 'बसेल' हे शब्द अक्षरशः खरे ठरतात, आणि सायकल चालत नाही.

चुकीचे अंतर थोडे असेल तर प्रकरण अधिक फसवे होते. कँपान्योलोच्या आठ चक्रांच्या संचात अंतर ५.० मि.मी. आहे, म्हणजे शिमानोहून अवघे ०.२ ने जास्त. एका पायरीला हा फरक कोणाला जाणवणार नाही. परंतु आठ चक्रांत पायऱ्या सात, आणि सात पायऱ्यांत तो १.४ मि.मी. होतो. मधल्या चक्रावर जुळवून घेतले तर दोन्ही टोकांना ०.७ उरतो. शिमानोच्या डिरेलरमधील वरची छोटी चकती आडवी किंचित हलू शकते, ती असा थोडा दोष पोटात घालते. तरी टोकाच्या चक्रांवर खरखर येते.

उलट काही अनपेक्षित जोड्या छान जमतात. कँपान्योलोची दहा चक्रांची जुनी तरफ खटक्याला साधारण २.८ मि.मी. केबल ओढते. म्हणजे शिमानोच्या जुन्या डिरेलरला ती जोडली, तर शिमानोची आठ चक्रे बिनतक्रार चालतात; दोन खटके रिकामे राहतात इतकेच. नाव, देश, चक्रांची संख्या, काहीच जुळत नाही, पण गुणाकार जुळतो. युरोपातील हौशी स्वारांनी हा मेळ पुष्कळ वापरला आहे. एकाच कंपनीचे भाग आपसांत जुळतीलच असेही नाही. पहिल्या खटकेवाल्या ड्युरा-एसच्या डिरेलरचे प्रमाण शिमानोच्याच इतर डिरेलरांहून वेगळे होते, आणि पुढे दहा-अकरा चक्रांच्या काळात कंपनीने प्रमाण पुन्हा बदलले. घराण्याचे नाव पाहून सोयरीक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

व्यापाराची बाजूही सांगितली पाहिजे. स्रॅमची स्थापना १९८७ ची. तिच्या मुठीत फिरवण्याच्या तरफा शिमानोच्या डिरेलरवर चालत. पण पूर्ण संच घेणाऱ्या सायकल-कारखान्यांना शिमानो सवलत देते, त्यामुळे सुटी तरफ कोणी घेत नाही, अशी तक्रार घेऊन ती १९९० मध्ये न्यायालयात गेली. १९९१ मध्ये तडजोड झाली. नंतर तिने स्वतःचेच निराळे प्रमाण काढले, हाही भाग बोलका आहे. सनटूरने खटक्याची तरफ काही वर्षांनी आणली खरी, पण तिरक्या सांगाड्याची जनक असलेली ही कंपनी नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जुन्या स्वरूपात उरली नाही. मला स्वतःला खटक्याची सोय आवडते. चढावर कान लावून तरफ चाळवत बसणे गोड वाटते ते आठवणीतच. पण ती सोय घेताना मिस्त्रीच्या डब्यातील निम्मे सामान निकामी झाले, हेही खरे.

साखळीकडे मात्र कंपनीच्या नजरेने पाहू नये. सहा, सात व आठ चक्रांना एकच साखळी चालते, बाहेरून सुमारे ७.१ मि.मी. रुंद, नऊला सुमारे ६.६, दहाला सुमारे ६. चक्रांची संख्या पाहून साखळी घ्यावी. कंपन्यांच्या भेदापेक्षा वयाचा भेद येथे अधिक नडतो. झिजलेल्या चक्रांवर कोरी साखळी घातली, तर ती एकाच घरची असली तरी जोर लावताच उडी मारते. फूटपट्टी साखळीवर धरावी. एका खिळीच्या मध्यापासून चोविसाव्या कड्यानंतरच्या खिळीपर्यंत बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. ती खिळी इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर साखळी बदलावी. आठवा भाग गेली असेल तर बहुधा चक्रेही.

तरफ मोडली आणि जोडीची मिळेना, तर बिनखटक्याची तरफ लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय. ती बहुतेक डिरेलरांना चालते. केबलचे वेष्टण गियरसाठी असेल तर उभ्या तारांचे घ्यावे, कारण ते दाबाने आखडत नाही. पण तेच ब्रेकला कधीही लावू नये. जोराच्या दाबाने ते फुटू शकते. आणि जुना भाग विकत घेण्यापूर्वी दुकानातच मोजून पाहावे. केबलवर पेनाने खूण करावी, पाच खटके द्यावेत, खूण किती सरकली ते मोजून पाचाने भागावे. चक्रांचे अंतर काढण्यासाठी पहिल्या चक्रापासून शेवटच्या चक्रापर्यंत, दोन्हींची एकच बाजू धरून, मोजावे आणि चक्रांच्या संख्येतून एक वजा करून भागावे. डिरेलरचे प्रमाण दुकानदाराला बहुधा ठाऊक नसते. म्हणून तरफेने ओढलेल्या केबलबरोबर तो किती सरकला, हे त्याच फूटपट्टीने पाहून घ्यावे, आणि पैसे त्यानंतर काढावेत.